वेळ उरल्यास

पवनीहून मुंबईला जायचं तर आधी गाडी कुठून धरायची हा वाद मिटवावा लागतो. नागपूर ऐंशीएक किलोमीटर, भिवापूर-उमरेडवरून. भंडारा त्याच्या निम्म्यावर, अड्याळ-पहेल्यावरून. पण ‘भंडारा रोड’ हे स्टेशन भंडाऱ्यात नाहीच, ते वरठीला. म्हणजे एसटीतून उतरा आणि पुन्हा ऑटो शोधा. यांचं म्हणणं होतं नागपूर. माझं म्हणणं वरठी. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते, नागपूर येईस्तोवर डबा भरून जातो, आपण आधीच बसलेलं बरं, असा माझा हिशेब. आरक्षित डब्याला हा हिशेब लागू पडत नाही, हे यांनी दोनदा सांगितलं. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि दरवर्षी सहल माझ्याच गळ्यात पडते. आगारात अर्ज देणं, पालकांची संमतीपत्रं गोळा करणं, पन्नास पोरं मोजून चढवणं आणि मोजून उतरवणं हे सगळं मी करते. अशा बाईला घरातल्या चौघांच्या प्रवासाबद्दल कोण काय सांगणार?

निघण्याच्या दिवशी एसटी वेळेवर आली नाही, ऐनवेळी भाड्याची गाडी करावी लागली, आणि वाचवायचे होते त्याच्या चौपट पैसे वरठीलाच गेले. नागपुरात बहीण स्टेशनवर डबा घेऊन उभी होती. तिनं खिडकीतून डबा देत विचारलं, “वरठीहून काऊन आल्या वं?” धाकटा म्हणाला, “आईला विचार.”

मुलांची वयं सांगायला हवीत. थोरली दहावीत, धाकटा सातवी ओलांडून आठवीत. दहावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, पोरीला घेऊन मुंबई पाहायला निघालोय हे ऐकून शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला होता. क्लासच्या सरांनी “किती दिवस?” असं अशा सुरात विचारलं, जणू दवाखान्यात भरती करायला नेतोय. शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार-सोमवार मुंबई, सोमवारी संध्याकाळी परतीची गाडी. एवढीच ती सहल.

तिचं नियोजन मी कागदावर केलं, तक्ता आखून. डावीकडे वेळ, मधे स्थळ, उजवीकडे शेरा. ‘सकाळी ९.४५ चैत्यभूमी. १०.४५ शिवाजी पार्क. ११.३० राणीची बाग.’ जेवणाला पाऊण तास, गेटवेला अर्धा. शेऱ्याच्या रकान्यात ‘पाण्याच्या बाटल्या भरणे’, ‘शौचालय’ अशा नोंदी. मुलांना मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. शाळेतही विचारते, सहलीला कुठं जायचं ते पोरांना विचारायचं आणि रामटेकला न्यायचं.

धाकट्यानं एकच मागितलं, जमिनीखालून जाणारी मेट्रो. मुंबईची तिसरी मार्गिका त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली होती. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. त्याला हे सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, मेट्रो नागपूरला बसलास ना? तो म्हणाला, “ती वरून जाते.” मी तक्त्यात मेट्रो लिहिली नाही.

थोरलीनं विचारलं, “एखादं कॉलेज पाहू का?”

“कोणतं?”

“कोणतंही. फक्त आतून.”

ते मी लिहिलं. सगळ्यात खाली, सोमवारच्या चौकटीच्याही बाहेर: ‘कॉलेज (वेळ उरल्यास)’.

आता लॉजची गोष्ट. मुंबईत दादर-परळकडचे दर पाहिल्यावर यांचा चेहरा उतरला. दोन वयात येणारी भावंडं, एका खोलीत चौघं मावत नाहीत. दोन खोल्या किंवा जादा गादी लागतेच. कुणीतरी सांगितलं की कल्याणला निम्म्यात काम होतं आणि विदर्भ एक्सप्रेस तिथं थांबते. नकाशावर कल्याण ते सीएसएमटी हे अंतर बोटाच्या पेरभर दिसतं. प्रत्यक्षात ते पन्नासपेक्षा जास्त किलोमीटर आहे, फास्ट लोकलनं तास-सव्वा तास. पवनीहून भंडाऱ्याला रोज जाऊन येण्यासारखंच. हा प्रकार मी सुट्टीत पैसे देऊन विकत घेतला होता.

त्याहून मोठी चूक आम्ही पहाटे कल्याणला उतरलो तेव्हा कळली. लॉजच्या काउंटरवरचा पोरगा जांभई देत म्हणाला, “चेक-इन बाराला.” मी पहाटेपासूनचं भाडं दिलंय या समजुतीत होते. पावतीवर बारा ते बारा असं स्पष्ट छापलेलं होतं. मी रक्कम वाचली होती, वेळ वाचली नव्हती. पहाटे खोली हवी तर आदल्या दिवसाचेही पैसे. चौघं त्या चिंचोळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, नागपूरच्या डब्यातल्या तिखटामिठाच्या पुऱ्या खात बसलो. तोंड धुवायला एक बेसिन. थोरलीनं केस विंचरायला आरसा मागितला तर तो पोरगा म्हणाला, खोलीत आहे.

आंघोळ नाही, झोप नाही आणि माझा तक्ता म्हणतोय ९.४५ ला चैत्यभूमी. जरा उशिरा निघू, असं हे म्हणाले. मी ऐकलं नाही. सामान काउंटरमागे टाकलं आणि ऐन गर्दीच्या वेळी आम्ही कल्याण स्टेशनात शिरलो. तिकिटाची रांग लावली. सर्व मार्गांवर चालणारं तीन दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं हे मला परत आल्यावर समजलं. आम्ही दर वेळी रांगेत उभे राहिलो.

फलाटावर दोन तुकड्या झाल्या. मी आणि लेक बायकांच्या डब्यात; धाकट्याला त्या डब्यात कसा नेणार, मिसरूड फुटलेला, म्हणून तो बाबांबरोबर साध्या डब्यात. उतरायचं दादरला, एवढं ठरलं. शाळेच्या सहलीत मी हे कधी करत नाही. पोरं तुकड्यांत वाटली की शिक्षकही वाटतात आणि दोन्हीकडे शिट्टी असते. इथं शिट्टी यांच्याकडे नव्हती.

बायकांच्या डब्यात डोंबिवलीला जो लोंढा आत आला, त्यात मी लेकीच्या अंगावर रेलले. ती ओरडली, “आई, काऊन ढकलून राहिली वं?” तिच्यापलीकडे वरच्या कडीला लटकलेली एक मुलगी मान वळवून हसली. “तुम्ही कुठल्या जी?”

ते ‘जी’ ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ती अर्जुनी मोरगावची निघाली, गोंदिया जिल्ह्यातली. घाटकोपरला एका लॅबमध्ये काम, डोंबिवलीत पाच-सहा मुलींबरोबर भाड्याची खोली, उरलेल्या वेळात पदवीचा अभ्यास. मी गावाकडची विचारपूस सुरू केली, आडनावावरून नातं लागतं का पाहायला लागले. लेकीनं मला मधेच थांबवलं आणि विचारायला सुरुवात केली. खोलीचं भाडं किती? डिपॉझिट किती? भाजी कोण आणतं? रात्री उशीर झाला तर घरमालक बोलतो का? मेसच्या जेवणानं पोट भरतं का? मुलगी उत्तरं देत होती, अगदी हिशेबासकट, एका हातानं कडी धरून. दिव्याच्या पुढे कधीतरी लेकीनं विचारलं, “आणि ताप आला तर कोण असते?”

त्या मुलीनं जरा विचार केला. म्हणाली, “पहिल्या वर्षी कोणीच नव्हतं. आता रूमवाल्या आहेत.”

घाटकोपर आलं आणि ती गेली. जाताना तिनं एक कामाची गोष्ट शिकवली: उतरायचं असेल तर एक स्टेशन आधीच पुढच्या बाईला विचारायचं, “दादर उतरणार का?” ती ‘हो’ म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं, ‘नाही’ म्हणाली तर जागा बदलून घ्यायची. आम्ही कुर्ल्यालाच विचारलं आणि दादरला नीट उतरलो.

बाबा आणि धाकटा उतरले नाहीत. उतरू शकले नाहीत. फास्ट गाडी दादरनंतर एकदम भायखळ्याला थांबते. फोन लागला तेव्हा मी म्हटलं, “तिथंच थांबा, आम्ही येतो,” आणि हे म्हणाले, “तुम्ही तिथंच थांबा, आम्ही येतो.” फोन कटला. आम्ही दोघी भायखळ्याच्या गाडीत, ते दोघे दादरच्या. ही गंमत धाकटा अजून पाहुण्यांना सांगतो. मला त्या वेळी त्यात गंमत वाटली नव्हती. मी यांना फलाटावर लोकांदेखत जे बोलले, ते इथं लिहीत नाही. मुलांनी मान खाली घातली होती.

चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क राहिलंच. शेवटी चौघं भायखळ्यालाच भेटलो, म्हणून राणीच्या बागेत गेलो. शनिवार होता हे नशीब. बुधवारी ती बाग बंद असते, हे मी पाहिलं नव्हतं. पेंग्विन पाहिले. २०१६ मध्ये ते मुंबईत आले तेव्हाच्या बातम्या मी वर्गात वाचून दाखवल्या होत्या, म्हणून मलाच त्यांचं कौतुक. काचेपुढची गर्दी पाहून थोरली म्हणाली, “यांना पण बाहेर यायला जागा नाही,” आणि बाकावर जाऊन बसली. रात्रभर जागलेली पोर, बसल्या बसल्या झोपली. मी तिला उठवलं. तक्त्यात पुढचं होतं.

संध्याकाळी खोल्या मिळाल्या, आंघोळी झाल्या, आणि धाकट्यानं जाहीर केलं की उद्या तो कुठंच येणार नाही.

तरी रविवारी सगळे निघालो. रविवारी मुंबईत गर्दी कमी असते, हे मी ऐकून होते. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, हे नाही ऐकलं. मुंबईकराला हा शब्द आईच्या दुधाबरोबर मिळतो. शनिवारी संध्याकाळी तो आपोआप वेळापत्रक पाहून घेतो. आम्ही सकाळी उशिरा कल्याण स्टेशनात पोचलो तेव्हा फास्ट गाड्या स्लो रुळांवर वळवल्या होत्या, प्रत्येक स्टेशनात थांबत, मधेच नुसत्या उभ्या. संग्रहालयात पोचायची माझी वेळ होती सव्वादहा, दार उघडण्याची. पोचलो दुपारी दीड वाजता, भुकेले.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं, जॉर्ज विटेटनं बांधलं, गेटवेही त्याचाच. मी हे मुलांना सांगत होते. धाकटा म्हणाला, “गूगलवर आहे.” खरं होतं. तरी मी त्याला पाटीपुढे उभं करून वाचायला लावलं, कारण वर्गात तसंच करतात.

थोरली मात्र एका जागी थांबली. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातून आलेली भाजक्या मातीची शिल्पं आहेत तिथं. शेकडो वर्षं जमिनीखाली राहूनही चेहऱ्यावरची बारीक रेघ शाबूत. ती म्हणाली, “हा पण स्तूपच होता? आपल्या टेकडीसारखा?”

आपली टेकडी म्हणजे जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं मिळून तिथं उत्खनन केलं आणि मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप निघाला, भोवतीच्या दगडी कठड्याचे खांब निघाले, त्यांच्यावर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं. एका खांबावर पाच फण्यांचा नाग, खाली त्याचं नाव कोरलेलं, मुचरिंद. हे सगळं मला येतं, कारण परिसर भेटीसाठी मी दर वर्षी पोरांना त्या टेकडीवर नेते. थोरलीही माझ्याच रांगेतून गेलेली आहे. मी विचारलं, तुला आठवतं का तिथलं? ती म्हणाली, “आठवते ना. तू म्हणत होती, दोन-दोनच्या रांगेत चला आणि दगडावर बसू नका.”

त्यानंतर तिनं जे म्हटलं ते मला अजून टोचतं. पवनीला रविवारी नागपूरकडचे पाहुणे गाड्या भरून येतात. पंचमुखी गणपती पाहतात, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी तो एक. वैजेश्वर घाटावर फोटो काढतात, किल्ल्याच्या दरवाजापाशी गाडी हळू करतात, रुयाडचा महासमाधीभूमी स्तूप, गोसीखुर्दचं धरण, आणि अंधार पडायच्या आत परत. काहींना वाघ हवा असतो. ‘जय’ २०१६ मध्ये दिसेनासा झाला तरी लोक कऱ्हांडल्याच्या जंगलाचं नाव निघालं की अजून त्याचंच विचारतात. हे पाहुणे घरी आले की थोरली चहा करता करता वैतागते: यांना पवनी दिसलीच नाही, कोष्टीपुऱ्यातला माग चालू असताना कसा आवाज येतो ते नाही, पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या कशा एकेक बुडतात ते नाही. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, “आपण आज तसलेच पाहुणे आहोत.”

मी तक्ता पर्समध्ये ठेवला. फाडला वगैरे नाही. परत एकदा काढलाही, मरीन ड्राइव्हला किती वेळ दिलाय ते पाहायला.

मरीन ड्राइव्हला मिळाली वीस मिनिटं, कारण रात्री अंबरनाथला यांच्या मावसभावाकडे जेवण होतं. मुंबईत येऊन नातेवाइकांकडे गेलो नाही तर गावी तोंड दाखवायची सोय नाही; हे मला मान्य आहे. पण ते जेवण मी रविवारच्या संध्याकाळी का ठेवलं? माझ्या तक्त्यातल्या ज्या एका गोष्टीची मुलांना हौस होती, दिवे लागल्यावरचा समुद्र, ती सोडून आम्ही उलट दिशेला दीड-दोन तास गेलो. जेवण उत्तम होतं. पण थोरलीला प्रत्येकानं टक्के विचारले. सराव परीक्षेत किती, बोर्डात किती येणार, पुढं काय, नीट का? ती “बघू” म्हणत राहिली. भाऊजी म्हणाले, बघू काय, ठरवायला पाहिजे आता. मीही मान हलवली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि माझ्याशी बोलली नाही.

सोमवार माझा हुकमाचा एक्का होता. घारापुरी. रविवारी बोटींना गर्दी असते, म्हणून मी मुद्दाम सोमवार ठेवला होता आणि या हुशारीबद्दल यांच्याकडून शाबासकीही घेतली होती. १९८७ पासून जागतिक वारसा, समुद्रातून तासाभराचा बोटीचा प्रवास. ही तरी मुलांना आवडणारच. पहाटे खोल्या सोडल्या, गर्दीच्या आधी सामानासकट सीएसएमटी गाठलं. क्लोक रूममध्ये सामान ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं. बॅगांना होतं. बहिणीनं दिलेल्या डब्याच्या कापडी पिशवीला कुठून असणार? खिडकीतल्या माणसानं ती बाजूला सारली. आत अर्ध्या पुऱ्या, लोणच्याची बरणी आणि स्टीलचे तीन डबे. ती पिशवी दिवसभर आम्ही आळीपाळीनं वागवली.

गेटवेला पोचलो तर कळलं, सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता धाकटा बोलेल काहीतरी, पण तो इतकंच म्हणाला, “मग वेळ उरला ना?”

तेव्हा आम्ही मेट्रोत बसलो. हुतात्मा चौकाला खाली उतरलो, सरकत्या जिन्यांवर जिने, आणि थेट आरेपर्यंत गेलो. तिथं काही पाहायचं नव्हतं. तिथून परत बसलो. धाकटा पहिल्या डब्यात पुढच्या बाजूला उभा, प्रत्येक स्टेशनचं नाव उद्घोषणेच्या आधी सांगत. हे लोणच्याची पिशवी मांडीवर घेऊन झोपले. थोरली माणसं पाहत होती. बीकेसीला एकदम डबाभर पोरं-पोरी चढल्या, गळ्यात कार्डं, कानात इअरफोन, कुणाच्या पायात स्लिपर; ती त्यांचे बूट, पिशव्या, हातातले डबे असं काहीबाही बारकाईनं न्याहाळत होती. मी विचारलं, काय पाहतेस? “कोणाला काही वाटत नाही ना, कसं पण आलं तरी,” असं काहीसं म्हणाली.

दुपारी कॉलेज. फोर्ट भागातलं, नाव असलेलं. दारावर रखवालदारानं ओळखपत्र मागितलं. बरोबरच होतं त्याचं, कुणालाही कसं आत सोडणार? आधी चौकशी केली असती, कुणाची ओळख काढली असती, तर कदाचित जमलं असतं. मी माझा ठेवणीतला आवाज काढायला गेले, “आम्ही भंडारा जिल्ह्यातून आलो आहोत, मी स्वतः शिक्षिका,” तर थोरलीनं माझा हात दाबला. “राहू दे ना वं आई.” मग ती फाटकासमोरच्या वडापावच्या गाडीशी जाऊन उभी राहिली. आम्ही तिघं जरा लांब, झाडाखाली. ती तिथं बराच वेळ होती. वडापाव संपला, चहा झाला, दोन मुलींशी बोलणं झालं, त्यातल्या एकीनं वहीच्या कागदावर काहीतरी लिहून दिलं. मला जाऊन मधे शिरायचं होतं. यांनी पिशवी माझ्या हातात दिली, म्हणजे मी हलू नये.

मी ‘वेळ उरल्यास’ का लिहिलं होतं, ते त्या झाडाखाली मला नीट कळलं. विसरून खाली गेलं नव्हतं ते. पवनीत पोरगी दहावी झाली की नागपूर, बारावी झाली की पुणे, मग कुठं ते देव जाणे. आमच्या आळीत मुलं मोठी झालेली घरं मला माहीत आहेत, सणाला उघडणारी. लेकीला शहर दाखवायचं होतं, पण असं, की आपण सगळे मिळून पाहू आणि सगळे मिळून परत येऊ. पेंग्विन चालले असते. कॉलेज पाहिलं तर ती तिथं स्वतःला उभी करून पाहणार, आणि त्या चित्रात मी नसणार. हे मी स्वतःशीही बोलले नव्हते. तक्त्यात सगळ्यात खाली ढकललं, कंसात टाकलं आणि झालं.

परतीच्या गाडीत तिनं तो कागद दाखवला. वसतिगृहाचं नाव, खानावळीचा दर, प्रवेशाची कोणती यादी कधी लागते. “मुंबई नको,” ती म्हणाली. “लय दूर पडते आणि खोलीचं भाडं परवडत नाही. पुणे पाहू.” हे म्हणाले, “परीक्षा होऊ दे.” मी काही म्हटलं नाही, म्हणजे त्या वेळी नाही. इगतपुरीनंतर मी म्हटलं की नागपूर काय वाईट आहे. ती झोपलेली होती, किंवा तसं दाखवत होती.

येताना आम्ही नागपूरला उतरलो. वरठीपर्यंतचं तिकीट तसंच वाया गेलं.

आता पुण्याचा बेत चालला आहे, बोर्डाची परीक्षा संपल्यावरचा. या वेळी कागद थोरलीकडे आहे. दिवसाला एकच ठिकाण ठरवलंय. बाकीच्या वेळाला तिनं नुसती उभी रेघ ओढली आहे. कॉलेजचं नाव वर आहे, आणि तिथं आधी फोन करून वेळ घ्यायचं काम तिनं बाबांना दिलंय. लॉज स्टेशनजवळ आणि पहाटे खोली देणारं हवं, हे धाकट्यानं लाल शाईनं लिहिलं. खाली ‘मेट्रो, या टोकापासून त्या टोकापर्यंत’. नातेवाईक एकच, तेही दुपारच्या चहाला. माझ्याकडे दोन कामं आली आहेत: साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला तिकिटं काढणं, आणि कोणत्या वारी काय बंद असतं त्याची यादी करणं. यादी तयार आहे. ती विचारल्याशिवाय वाचून दाखवायची नाही, अशी अट आहे.